माधुरी, गंगम्मा आणि ठराव क्रमांक सात

सोलापूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेत ठराव लिहायचं काम अकरा वर्षं एकाच माणसाकडे होतं, ते म्हणजे सुभेदार सिद्धप्पा. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला हा माणूस मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर साधी मराठी. पण ठरावाचा कागद पुढे आला की त्यांच्या मराठीला भलताच ताठा चढायचा. ‘राष्ट्राच्या सीमांवर रक्त सांडणाऱ्या वीरांच्या ज्वलंत प्रश्नांकडे शासनाने सहानुभूतीपूर्वक लक्ष द्यावे,’ असं काहीतरी ते लिहीत आणि खणखणीत आवाजात वाचत. सभेत टाळ्या पडत. मग ठराव राज्य महासंघाच्या पुण्याच्या अधिवेशनाला जाई आणि तिथून पुढे त्याचं काय होई ते कुणालाच कळत नसे. निवडलेले ठराव महासंघ सरकारकडे नेतो, पण सोलापूरचा ठराव अकरा वर्षांत एकदाही त्यात नव्हता.

यंदा मात्र महासंघाने गेल्या वर्षीचे तिन्ही ठराव परत पाठवले. सोबत एक ओळ होती. ती वाचायची वेळ इंद्रजीतवर आली. इंद्रजीत जेऊरचा, सैन्यात कारकून होता, हवालदार म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि नुकताच संघटनेचा सचिव झाला होता. नवी पेठेत एका कापड दुकानावर संघटनेची खोली आहे. तिथे वीसेक जणांसमोर त्याने चाचरत वाचलं, की कोणत्या कार्यालयाने, नेमकं काय आणि किती दिवसांत करावं हे ठरावांत कुठेच नाही.

सिद्धप्पांचे कान लाल झाले. चहा संपवून त्यांनी टोपी घातली, पुढच्या रविवारी बसू म्हणाले आणि जिना उतरले. आठवडाभर ती ओळ त्यांना बोचत राहिली. बोचण्याचं खरं कारण हे, की ती खरी होती.

पुढच्या रविवारी सांगोल्याच्या बाजूच्या एका वाडीवरून मथुराबाई आल्या. त्यांचे पती नायक भीमा संघटनेचे जुने सभासद. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि तेव्हापासून मथुराबाई विधवेच्या पेन्शनसाठी कागद घेऊन फिरत होत्या. पन्नास वर्षांमागे लग्नाची नोंद करताना पलटणीतल्या कुणा परमुलखी कारकुनाने ‘मथुरा’ ऐकून ‘माधुरी’ लिहिलं होतं. आता जिल्हा सैनिक कार्यालयात माधुरी हीच मथुराबाई, याचा पुरावा मागत होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ग्रामपंचायतीचा दाखला दिला. दर वेळी फाईल आणखी एका कागदासाठी परत यायची. डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी ही बाई, प्रत्येक खेपेला दिवस मोडून सोलापूर गाठायची.

सिद्धप्पांनी सगळं ऐकलं आणि लगेच कागद ओढला. ‘वीरपत्नींवर होणाऱ्या घोर अन्यायाचे परिमार्जन,’ एवढं लिहूनही झालं. तेवढ्यात मथुराबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

“आता मला इचारत्यात, तू कोण म्हणून. धनी जिता हुता तवा त्याला का न्हाय इचारलं? एका सहीचं काम हुतं की.”

इंद्रजीतने मान वर केली. कारकुनीत आयुष्य घालवलेल्या त्या माणसाला पटकन उमगलं, की बाईने ठरावच सांगून टाकला आहे. सिद्धप्पांनाही उमगलं. त्यांनी लिहिलेली ओळ सरळ रेघ मारून खोडली.

त्या दुपारी घरी जाऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि निवृत्त होताना सैन्याने दिलेलं स्वतःच्या नोंदींचं पुस्तक, डिस्चार्ज बुक, काढलं. चष्मा लावून पत्नीच्या नावापर्यंत बोट नेलं, तर तिथे लिहिलं होतं, गंगम्मा.

त्यांच्या पत्नीचं नाव गौरम्मा. ती शेजारीच शेंगा फोडत बसली होती. नवरा एकाच पानावर इतका वेळ का थांबला म्हणून तिने विचारलं, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं.

“यार्री आकी?” तिने विचारलं. कोण हो ती? आधी ती हसली. मग हातातली शेंग तिने तशीच ताटात ठेवली.

“उद्या तुमाला काय झालं, तर मी गौरम्मा हाय म्हणून कुणाला सांगत फिरू?”

पंचवीस वर्षं ते पुस्तक कपाटात होतं आणि सिद्धप्पांनी ते एकदाही नीट वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंद्रजीतला फोन केला. सभासदांना निरोप गेले, आपापलं पुस्तक घेऊन या. तीन रविवार नवी पेठेतल्या जिन्यावर रांग लागली. बार्शीहून, करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून म्हातारे सैनिक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पुस्तकं घेऊन आले. दोनशे चौदा पुस्तकं तपासली, त्यांतल्या अठ्ठावन्न पुस्तकांत बायकोचं नाव चुकलेलं निघालं. एकाच्या पुस्तकात बायकोच्या जागी सासूचं नाव होतं. तो बिचारा बिरप्पा चेष्टेच्या भीतीने पुढचे दोन रविवार फिरकलाच नाही.

मग मसुद्याला बसले. इंद्रजीत लिहायचा आणि सिद्धप्पा सांगायचे, पण आता दर दोन शब्दांनी दोघांची झटापट व्हायची. सिद्धप्पांना ‘ज्वलंत’ हवा होता. इंद्रजीत म्हणाला, अठ्ठावन्न हा आकडाच पुरेसा ज्वलंत आहे. कुणी म्हणालं ‘विनंती’ लिहा, कुणी म्हणालं ‘इशारा’ लिहा. शेवटी तिढा सोडवायला सिद्धप्पांनीच युक्ती काढली. प्रत्येक वाक्य मथुराबाईंना वाचून दाखवायचं आणि त्या ‘म्हंजी?’ म्हणाल्या की ते पुन्हा लिहायचं. पहिल्या दिवशी त्या नऊ वेळा ‘म्हंजी?’ म्हणाल्या. चौथ्या रविवारी एकदाही नाही.

तेव्हा कागदावर एवढंच उरलं होतं:

“ज्याअर्थी जिल्ह्यातील २१४ माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या असता ५८ नोंदींत पत्नीचे नाव चुकीचे आढळले, आणि ज्याअर्थी सैनिक हयात असताना ही चूक त्याच्या एका अर्जाने सुधारता येते, त्याअर्थी ही सभा ठराव करते की, जिल्हा सैनिक कार्यालयाने दर वर्षी प्रत्येक तालुक्यात एक दिवस शिबिर घेऊन हयात सैनिकांच्या नोंदी तपासाव्यात, अर्ज तिथेच घ्यावा व नव्वद दिवसांत दुरुस्ती कळवावी. पती वारले असल्यास गावातील दोन माजी सैनिकांची लेखी साक्ष पुरेशी मानावी.”

“आता माझ्याच तोंडचं वाटतंय,” मथुराबाई म्हणाल्या.

पुण्याच्या अधिवेशनात सदतीस ठराव होते आणि प्रत्येकाला दोन मिनिटं. सोलापूरचा सातवा. सूचक सिद्धप्पा, अनुमोदक मथुराबाई. सिद्धप्पांनी ठराव वाचला. अजून एक मिनिट उरलं होतं. चारशे माणसांच्या त्या सभागृहाकडे बघत ते शांतपणे बोलले.

“माझ्या बायकोचं नाव गौरम्मा. माझ्या पुस्तकात आहे गंगम्मा. पंचवीस वर्षं मी ते पान बघितलं नव्हतं. आपल्यापैकी कितीजणांनी आपलं पान बघितलंय? हात वर करा.”

सहा हात वर झाले. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून एक निवृत्त कर्नल बसले होते. त्यांचा हात खालीच होता आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं. मागच्या रांगांत माणसं घरी फोन लावायला लागली.

तरी एक प्रतिनिधी उठला. दोन साक्षीदारांवर भागवलं तर कुणीही कुणाची बायको म्हणून उभी राहील, असा त्याचा मुद्दा होता. उत्तर अनुमोदकाने द्यायचं होतं. मथुराबाईंनी माईक दोन्ही हातांनी धरला.

“मला गावात आणली ती वाजतगाजत आणली, साहेब. सारा गाव साक्षी हाय. आमी तर दोनच मागतोय.”

आधी हशा पिकला, मग टाळ्या, आणि टाळ्या थांबेनात. तो प्रतिनिधीही टाळ्या वाजवत खाली बसला. मतदानाला सभागृहातला प्रत्येक हात वर होता. सिद्धप्पांनी आयुष्यात सलाम्या पुष्कळ घेतल्या होत्या, पण त्या हातांकडे बघताना त्यांना चष्मा पुसावा लागला.

महासंघाने ठराव पुढे नेला, पाठपुरावा केला, आणि आठ महिन्यांनी परिपत्रक निघालं. इंद्रजीतने ते खोलीत वाचलं. त्यातली दोन वाक्यं शब्दाला शब्द त्यांचीच होती. सिद्धप्पांनी कागद हातात घेऊन ती तीनदा वाचली आणि मग पुढच्या माणसाकडे दिला. तो कागद खोलीभर फिरून येईपर्यंत कुणी खुर्चीवर बसलं नाही.

सोलापूरच्या शिबिरात गौरम्मा नवं इरकल लुगडं नेसून आली. टेबलामागच्या कारकुनाने नाव विचारलं तेव्हा तिने ते एकेक अक्षर सोडवून सांगितलं आणि पेन थांबेपर्यंत नजर हलवली नाही. लिहून झाल्यावर तिने कागद स्वतःकडे वळवला, वाचला आणि मगच नवऱ्याला सही करू दिली.

मथुराबाईंच्या नावाच्या दुरुस्तीचं पत्र वाडीवर पोचलं ते अर्जानंतर पासष्टाव्या दिवशी. वर स्पष्ट छापलं होतं, ‘मथुराबाई, नायक भीमा यांच्या पत्नी’. त्यांनी इंद्रजीतला फोन करून एवढंच सांगितलं, की सगळ्यांनी जेवायला यायचं, कारणं चालणार नाहीत.

मग दोन जीप भरून मंडळी वाडीवर गेली. पंचक्रोशीतले सैनिक आले, त्यांच्या बायका आल्या, अठ्ठावन्नांमधले बरेचजण आले. बिरप्पाही आला, बायकोला घेऊन. चुलीवर मटण शिजत होतं, शाकाहाऱ्यांसाठी वेगळी आमटी होती. भीमाच्या फोटोखाली ते पत्र ठेवलं होतं आणि येणारा प्रत्येकजण ते मोठ्याने वाचत होता. मथुराबाई दर वेळी काम थांबवून ऐकत होत्या.

जेवणं उरकली तशी कुणीतरी हलगी आणली. कडकडाट सुरू झाला. एकाहत्तर वर्षांचे सुभेदार सिद्धप्पा आधी नुसतेच मान डोलवत होते. मग गौरम्माने त्यांच्या हातातली काठी काढून घेतली, आणि ते सरळ अंगणाच्या मधोमध जाऊन नाचायला लागले.