पाठमोरा मेळा

एक बंद फाटक. त्याला टेकलेले जुने फ्रिज, दारं निखळलेले.

कुंभाराच्या भट्टीचा धूर, थेट कवितेच्या पुस्तकांवर.

"वहिनी, मधमाश्यांच्या पेट्या स्पीकरखाली ठेवू का?"

एका म्हाताऱ्या अंगठ्याला लागलेली पांढरी फक्की.

रंगमंच. रस्त्याकडे पाठ करून, रुसलेल्या जावयासारखा.

हे सगळं एकाच मैदानावर, एकाच दुपारी. आणि या सगळ्याच्या मधोमध कमरेला पदर खोचून उभी असलेली सून. मैदानावर तिला सगळेच वहिनी म्हणत. कारागीर, दुकानदार आणि हौशी नाटकवाले यांचा हा वार्षिक मेळा आजवर तिचे सासरे भरवत आले. यंदा त्यांची नजर अधू झाली आणि मेळा तिच्या गळ्यात पडला. पडला म्हणजे, तिने तो मागून घेतला.

समितीचे खजिनदार तेव्हापासून टपलेले. 'चार वाजता फाटक उघडलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून मेळा बाहेरची कंपनी भरवेल,' असा ठराव त्यांनी करून घेतला होता. कंपनी आली की तंबू एकाच रंगाचे, आणि कुंभाराला जागा नाही. धूर होतो म्हणून.

आता झालं होतं ते असं. मांडवाआधी जमिनीवर फक्कीच्या रेघा मारतात. रेघ दिसली की खुंटी, खुंटी ठोकली की तंबू. मांडववाल्याची माणसं मान वर करून बघत नाहीत. सकाळी रेघा मारताना नकाशा उलटा धरला गेला, आणि अख्खा मेळा पाठ फिरवून उभा राहिला. मागच्या भिंतीला हवा तो रंगमंच मोठ्या फाटकाच्या तोंडाशी आला. आत पाऊल टाकणाऱ्याला पहिलं दर्शन बांबूंचं, दुसरं मुतारीचं.

"वा!" खजिनदार म्हणाले. "मोरीतून घरात शिरायची सोय केलीत सूनबाई."

"काका, बाजूला व्हा. तुमच्या पायाखाली खुंटी आहे."

मांडववाल्याने हात वर केले. "वहिनी, रंगमंच उतरवायचा म्हणजे उद्याचा दिवस उजाडेल. माझी माणसं आहेत, भुतं नाहीत."

तिने मैदानावर एक नजर फिरवली. मांडलेली मडकी, टांगलेल्या चादरी, लागलेले दिवे. मग मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"मेळा राहू दे," ती म्हणाली. "फाटक फिरवू."

"फाटक काय भाकरी आहे, फिरवायला?"

"मागचं उघडू. स्वागताची कमान तिकडे न्या. आणि भट्टी तेवढी उचलून त्या कोपऱ्यात, वारा जातो तिकडे."

मागचं फाटक गल्लीत उघडायचं आणि गल्ली भंगारवाल्याची होती. निदान त्याचं तसं मत होतं. फ्रिज, पंखे, सायकलींचे सांगाडे फाटकाला रेलून बसलेले. तो स्टुलावर बसून पंख्याचं पातं सरळ करत होता.

"दादा, हे हलवायचंय."

"कुठं?"

"कुठेही. चारच्या आत."

"बाई, इतकी वर्षं भिंतीपलीकडं तुमची गाणी ऐकतोय. एकदा तरी कुणी म्हटलं, ये बाबा आत? समितीचं म्हणणं, भंगाराने शोभा जाते."

तिने एक फ्रिज स्वतःच ढकलायला घेतला. तो हलेना.

"चाक अडकलंय त्याचं," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "डावीकडनं उचला. अहो, डावीकडनं!"

"तुम्ही दुरुस्त्याही करता ना?"

"मेलेला पंखा उठवून बसवतो."

"मग मेळ्यात पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला बसा. या फाटकाच्या आत पहिली जागा तुमची. शोभेचं मी बघते."

तो उठला. "हे आधी बोलायचं की! कंबर मोडली असती तुमची."

मग मांडववाला, भंगारवाला आणि नाटकातला खलनायक, मिशी अर्धी चिकटवलेला, सगळे फ्रिजांना भिडले. गंजलेली कडी हातोड्याने सुटली. कमान खांद्यावरून आली, थोडी तिरकी बसली, तशीच राहिली. मोठ्या फाटकावर तिने पाटी लावली : 'प्रवेश मागच्या गल्लीतून.'

चारचे टोले पडले तेव्हा मागचं फाटक उघडं होतं. गल्लीतून लोक आले ते कमानीकडे बघत, आणि पहिल्याच बाईच्या हातात बिघडलेला मिक्सर होता, भंगारवाला आत दुरुस्तीला बसलाय हे कळल्यावर घरी जाऊन आणलेला.

खजिनदारांना पाटी वाचून सगळ्या मैदानाला वळसा घालून यावं लागलं. धापा टाकत ते म्हणाले, "ठराव राहिला बाजूला. पण ही चूक कुणाची, ते तरी कळू दे."

सासरे शेजारीच खुर्चीवर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी तोंड उघडलं.

"माझी," सून आधी म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीही फाटक हेच राहील."

सकाळी नकाशा सासऱ्यांनी धरला होता.