शून्याकडची चिकटपट्टी

मी एक जुनी फूटपट्टी आहे. लाकडाची, बारा इंचांची. मित्रांनो, निदान मी स्वतःला तेवढी समजते. माझ्या मापाची मलाच आता खात्री वाटत नाही.

मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या ऑनर्स विभागात माझे आयुष्य गेले. तिथे ऑनर्सची पदवी हवी तर उत्तम गुण, तीन जादा विषय आणि शेवटी स्वतःचा प्रबंध लागे. प्रबंध ग्रंथालयात कायमचा राहणार, म्हणून बांधणीत अक्षरे दबू नयेत यासाठी डावा समास दीड इंच हवा. केसभरही कमी चालत नसे. मोजायची मी, आणि मला धरायच्या कार्यालयातल्या मिसेस टॉलेफसन. एकोणीस वर्षे मुले आम्हा दोघींना भीत. "प्राध्यापकाला पटवता येतं रे, या लाकडाला नाही," असे ती कुजबुजत. मला त्याचा अभिमान वाटे.

जानेवारीत मी टेबलावरून पडले आणि शून्याकडचे टोक चिरले. बाईंनी त्यावर मायेने चिकटपट्टीचे वेढे दिले, टोकावरूनही घेतले. "झालीस बरी," म्हणाल्या. मी बरी झाले नव्हते, केसभर लांब झाले होते. आता माझे सगळे आकडे कागदाच्या कडेपासून केसभर पुढे सरकले, आणि बरोबर असलेला समासही माझ्यावर कमी भरू लागला. मे महिन्यापर्यंत तीन प्रबंध परत गेले. प्रत्येक वेळी मला सांगावेसे वाटले, पण मला तोंड नव्हते.

मग शेवटचा शुक्रवार आला. मुदत चारची. साडेतीनला लोरेन व्होइट नदीतल्या शिंपल्यांवरचा प्रबंध घेऊन आली. ब्याण्णव पाने, स्वतः टंकलेली.

"कमी आहे, पोरी," बाई म्हणाल्या.

"किती, मॅडम?"

"केसभर."

"केसभरासाठी ब्याण्णव पानं पुन्हा? अर्ध्या तासात?"

"नियम मी केलेले नाहीत."

लोरेनने प्रबंध उचलला. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मॅडम, मी दोन वर्षं पट्टीनं शिंपले मोजतेय. टोकं बिघडतात, म्हणून आमचे सर टोकापासून मोजूच देत नाहीत. एकच्या रेघेपासून मोजाल का?"

"आता तू मला मोजायला शिकवणार?"

"नाही हो. फक्त हे एक पान."

बाईंनी मला उचलले. मी चुकीची ठरले तर मोडून टाकतील. बरोबर ठरले तर ही मुलगी बुडेल. आणि उरलेल्या अकरा इंचांचा तरी काय भरवसा?

एकची रेघ कागदाच्या कडेला लागली. अक्षरे अडीचवर सुरू झाली. बरोबर अडीचवर, म्हणजे समास पुरता दीड इंच.

बाईंनी नखाने चिकटपट्टी खरवडली, मग शिक्का मारला. लोरेन गेल्यावर त्यांनी वही उघडून, प्रबंध परत पाठवलेल्या तिघांना फोन केले. दोघे प्रबंध घेऊन धावत आले. तिसऱ्या मुलीची आई फोनवर होती.

"तिनं तो फेकून दिला हो. म्हणाली, मला जमणारंच नव्हतं ते."

बाईंनी फोन ठेवला आणि मला खणात टाकले.

आता मी खणात असते. खण उघडला की अजून भीती वाटते. मित्रांनो, माझ्यासारख्या मापाच्या वस्तूंनाही अधूनमधून मोजत जा. आणि कोणी तुम्हाला कमी म्हणाले, तर घरी जाण्याआधी पट्टीचे टोक एकदा बघा.