वाकल्या जागी

किउ काकाचा उजवा हात मी हातोडीनं फोडला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि अख्खी गल्ली बघत होती. मधे कुणी पडलं नाही. चीनमधल्या फोशानच्या स्टीलबाजारात भाऊ गेलेल्या माणसाला अडवायला कोण येतंय?

माझा धाकटा भाऊ क्वान जुहाईला समुद्राकाठच्या एका उंच इमारतीच्या काचा धुवायचा, दोरीला लटकून. बाविसाव्या मजल्यावर असताना त्याच्या दोरीचा गच्चीवरचा हूक तुटला. ते हूक तीन वर्षांपूर्वी मीच बसवले होते आणि वाकवून दिले होते किउ काकानं. प्रेताजवळ बसलेली आई मला एवढंच म्हणाली, "ज्यानं माझं पोर मारलं त्याचे हात मोडल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस, साम."

आमच्या बाजारात ज्याच्या त्याच्या किल्ल्यांना चुंबक लटकलेला असतो. स्टीलला चिकटला की माल खोटा, ही अक्कल शेंबड्या पोरालाही असते. तुटक्या हुकाच्या वाकल्या जागी मी चुंबक लावला आणि तो टपकन चिकटला. मग काय, डोकंच फिरलं माझं.

काका दुकानात सळई वाकवत बसला होता. तुकडा मी त्याच्या तोंडावर फेकला.

"तीनशे चार नंबरचं स्टील म्हणून दिलंस ना रे थेरड्या? चुंबक कसा चिकटला मग?"

"वाकवलं की चुंबक धरतंच ते थोडं," तो म्हणाला. "माल अस्सल आहे, साम. पण तो समुद्र... तूच तर तेव्हा..."

पुढचं त्याच्या तोंडातून निघूच दिलं नाही मी. ठोसा असा बसला की दोन दात त्याच्या ॲप्रनवर पडले. तो खाली कोसळला. मी त्याचं मनगट ऐरणीवर दाबून धरलं, त्याचीच हातोडी उचलली आणि तीनदा मारली. पहिल्या दोन घावांना तो ओरडला. तिसऱ्याला त्याचा आवाजच आला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

त्या दिवशी आईनं आठवड्यात पहिल्यांदा वाडगाभर पेज खाल्ली.

चौथ्या दिवशी भरदुपारी काकू माझ्या दुकानात आली. तिच्या एका हातात तपासणीच्या थेंबांची बाटली आणि छोटी बॅटरी होती, दुसऱ्या हातात तो तुकडा.

"मारायचं असेल तर मलाही मार," ती म्हणाली, "पण आधी डोळे उघडून बघ."

तिनं माझ्याच टेबलावर दोन तुकडे ठेवले, एक हलक्या प्रतीच्या दोनशे एक नंबरच्या स्टीलचा आणि एक हुकाचा. दोन्हींवर थेंब टाकून बॅटरी टेकवली. हलका तुकडा बघता बघता लाल झाला. हुकावरचा थेंब मात्र लाल झालाच नाही. माल अस्सल तीनशे चारच होता.

"मग तुटला कसा?" मी विचारलं.

"खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला. त्या वाऱ्यात तीनशे चार टिकत नाही, तीनशे सोळाच लागतं. हे घसा फोडून सांगत होते तुला. आठ दिवस थांब, सोळा मागवतो म्हणाले. तू काय म्हणालास, आठवतंय?"

आठवत होतं. नववर्षाच्या आधी काम उरकायची घाई होती मला. याच गल्लीत चार लोकांसमोर मी काकाची टर उडवली होती: "समुद्र काय स्टील खातो का, काका? म्हातारपणी भलतंच घाबरायला लागलात." सगळे हसले होते. क्वानही होता तिथे आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

"त्यांची तीन बोटं कापली काल," काकू म्हणाली आणि बाटली उचलून निघून गेली. तिचे पाय धरायचीही माझी लायकी नव्हती.

मी घरी गेलो. आई चुलीपाशी सूप ढवळत होती.

"आई, किउ काकानं नाही मारलं त्याला," मी म्हणालो. "हूक कुठला घालायचा ते मी ठरवलं होतं. काका नको म्हणत होता."

तिनं ढवळणं थांबवलं.

"हात ठेव," ती म्हणाली.

मी दोन्ही हात ओट्यावर ठेवले. तिनं सुपातला जाड स्टीलचा डाव उपसला आणि मारायला लागली. कढत सूप अंगावर उडत होतं, बोटांची सालं निघत होती, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी हात काढले नाहीत. डावाची मान वाकून दुमडली तेव्हाच ती थांबली, खाली बसली आणि क्वानच्या नावानं रडायला लागली.

उजवी मूठ अजून नीट मिटत नाही. रोज सकाळी मी किउ काकाच्या दुकानात जाऊन त्याच्या सळया वाकवून देतो. तो माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तो डाव आईनं सरळ करू दिला नाही, चुलीवर खिळ्याला टांगून ठेवलाय. चुंबक लावला की वाकल्या जागी तो हलकेच चिकटतो.