भट्टीजवळचं पहिलं अक्षर

नऊ वाजता चिनी पंचांगातला ड्रॅगनचा प्रहर संपणार होता आणि पहिलीचा बाक अजून रिकामा होता.

थोंगकाकांनी पंचांग मिटलं. "यपबाई, मुहूर्त टळला की टळला. मग मला काही सांगत बसायचं नाही."

थोंगकाका आमच्या चिनी शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. शाळा गावाने बांधलेली आणि तिच्या विटा त्यांच्या वडिलांनी वाहिलेल्या. मलेशियातल्या पेराकमधल्या कथिलाच्या खाणी बंद पडल्या, तशी गावातली चिनी घरं एकेक करून इपोहला, क्वालालंपूरला, सिंगापूरला गेली. यंदा पहिलीत घालायला चिनी मूलच उरलं नव्हतं. तिकडे शहरालगतच्या नव्या वस्तीत चिनी शाळेसाठी आईबाप ताटकळत होते, आणि नवी शाळा काढण्यापेक्षा जुनी हलवणं सोपं. त्या वस्तीच्या समितीचे दोघे आज सकाळीच गाडी घेऊन आले होते. काकांनी त्यांना शब्द दिला होता: पहिल्या अक्षराच्या मुहूर्ताला बाक रिकामा राहिला, तर शाळा तुमची. बाकावर मूल असलं, तर ती इथेच राहील.

"तर्षिणी येतेय," मी म्हणाले.

"कोण, ती कामवाल्या तमिळ बाईची पोर?" पाहुण्यांपैकी जाड चष्मेवाले हसले. "बाई, मातृभाषेची शाळा ना ही? कुणाच्या मातेची?"

"जी मूल पाठवेल तिची."

"आणि घरी अभ्यास कोण घेणार? आईला एक चिनी अक्षर वाचता येत नाही. महिन्याभरात पळेल."

गेल्या वर्षी एक मलय मुलगा याच कारणाने शाळा सोडून गेला होता. मी रसायनशास्त्र शिकून याच शाळेत विज्ञान शिकवायला परत आले होते, पण मुलाच्या घरी संध्याकाळी काय होतं, ते माझ्या हातात नव्हतं.

मुख्याध्यापक को सर फोन ठेवून आले. "तर्षिणीच्या आईला, वल्लीला, निघता येत नाहीये."

"का?" काका कडाडले.

"तुमचाच तोफू चाललाय. पाहुण्यांच्या जेवणासाठी काल तुम्ही वाढीव सांगितला होता ना, तो."

तोफूचा कारखाना काकांचाच, आणि वल्ली तिथे लग्नाच्या आधीपासून कामाला. "मग पोरीला तरी पाठव म्हणावं!"

"ती आईशिवाय हलत नाही. आणि पालकाने हात धरूनच आणायचं, हा नियम तुमचाच."

पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पंचांगाकडे. "काका, यात वेळ लिहिलीय. जागा लिहिलीय का?"

त्यांनी पान उघडून बोट फिरवलं. "जागेचं कुठे असतं यात?"

"मग चला."

"कुठे चला? कन्फ्यूशियसची तसबीर इथे आहे!"

"खिळ्यावरच आहे ना," म्हणत मी स्टुलावर चढले.

तसबीर मी घेतली. शाई, कुंचला आणि कपाळी ठिपका द्यायच्या शेंदराची बशी को सरांनी. काका मागून कुरकुरत येत होते, "आमच्या अप्पांनी पाहिलं असतं तर टांगलंच असतं तुला." पाहुणे चामडी बूट जपत जपत सर्वांत मागे.

कारखान्यात वाफेने काही दिसेना. वल्लीने नुकतंच सोयाबीनच्या कढत दुधात ते गोठवायचं जिप्समचं पाणी ओतलं होतं. "दार लावा आधी!" ती हक्का या चिनी बोलीत ओरडली. "वारा लागला तर तोफू नीट जमायचा नाही, मग काका मलाच बोलतील!"

तर्षिणी नवा गणवेश घालून एका पालथ्या खोक्यावर बसली होती. कपाळावर काळी टिकली.

"चल गं, इकडे ये," काका म्हणाले.

"आधी आईचं होऊ दे. दूध अर्धवट सोडायचं नसतं. तुम्हीच सांगता ना, आजोबा?"

चष्मेवाले चकित झाले. "हिला हक्का येते?"

"येते म्हणजे? शिव्यासुद्धा हक्कातच देते. माझ्याच ऐकून शिकलीय." काका भट्टीकडे बघत राहिले. "माझा नातू फोनवर 'हॅलो' म्हणतो आणि फोन बापाकडे देतो."

वल्लीने गोठलेलं दूध फडक्यात ओतलं, वर वजन ठेवलं, हात पुसले आणि मुलीचा हात धरून तिला तसबिरीपुढे उभं केलं. काकांनी कुंचला शेंदरात बुडवला, तो तिच्या कपाळाशी नेला आणि थबकले. टिकलीने जागा अडवली होती.

वल्लीने लगबगीने ॲप्रनचं टोक पुढे केलं. तर्षिणी मागे सरकली. "पुसायचं नाही. वर जागा आहे, आजोबा."

काकांनी वर ठिपका दिला. मग तोफूच्या फळीवर कागद ठेवला आणि तिची मूठ आपल्या मुठीत घेऊन 'माणूस' हे अक्षर काढलं. दोन रेघा, एकमेकींना टेकलेल्या. फळी ओली, त्यामुळे शाई फुटली.

"हात हलवू नकोस."

"मी नाही, फळी ओली आहे."

चष्मेवाले खाकरले. "काका, माफ करा, पण शब्द बाकाचा होता. बाक तिकडे आहे."

ते खरं होतं. काकांनी मान खाली घातली. दिलेला शब्द फिरवणारे ते नव्हतेच.

वल्लीने घड्याळ पाहिलं. "अजून नऊ कुठे वाजलेत?" तिने ॲप्रन सोडून वजनावर टाकला. "यपबाई, तसबीर आणा."

ती रबरी बुटांनिशी रस्ता ओलांडून निघाली, मुलगी तिच्या हाताला लटकत पळत होती. मी तसबीर पोटाशी धरून त्यांच्या मागे. बाकाशी पोचलो तेव्हा नऊला थोडा अवकाश होता. तर्षिणी टोकाला बसली. "सरक," वल्ली म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. बाक लहान, त्यामुळे तिचे गुडघे वर आले.

काका धापा टाकत दारात आले, मागोमाग पाहुणे. "तू कशाला बसलीस?"

"घरी अभ्यास कोण घेणार? मीच शिकते."

"आणि माझा तोफू?"

"तो पहाटेचाच होतो की. नऊनंतर मी मोकळी. आज तुम्हीच वाढवून सांगितलात."

काका पाहुण्यांकडे वळले. "बाक भरला. तोफू ताजा आहे. जेवल्याशिवाय जाऊ नका."

चष्मेवाले काही बोलणार, तोवर काका त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन गेले होते.

मी तसबीर खिळ्यावर लावली. ती जरा वाकडी बसली. फळ्यावर मोठी दोन रेघांची आकृती काढली आणि म्हणाले, "चला, दोघीही म्हणा माझ्यामागून."