पेन्सिलीची रेघ

झरका शहरातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची हैसमची आई आणि तिच्या खालच्या मजल्यावरची तैसीरची आई सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. खालच्या न्हाणीघराचं छत गळत होतं. वरच्या बाईने तीन कारागीर लावून पाहिले, तरी छत ठिबकतच होतं.

चौथी आली रुदैना. न्हाणीघरांची गळती बंद करायचं काम ती अकरा वर्षं करत होती. घरात पुरुष माणूस नसला तरी तिला आत घेता येई, म्हणून बायका तिलाच बोलावत.

"आधीचे तिघं काय म्हणाले?" तिने विचारलं.

"वरची जमीन पाझरते म्हणाले. तिघंही."

तिघांचं एकमत म्हटल्यावर रुदैनाने पुढे विचारलंच नाही. फरशी उखडली, तळ खरवडला, कोपऱ्यांत जाळीची पट्टी बसवली आणि वर लेपाचे दोन हात दिले. लेप सुकल्यावर सांडपाण्याच्या भोकाला बूच मारलं, उंबऱ्यापाशी बांध घातला आणि चार बोटं पाणी भरलं.

"अगं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तू ते जमिनीवर ओततेस?" हैसमची आई कळवळली.

"दोन दिवस कळ काढा. जमीन पाझरत असेल तर पाणी उतरेल." रुदैनाने पाण्याच्या कडेने भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खालून फोन आला. रुदैना धावत गेली. तैसीरच्या आईने गळतीखाली बादली लावली होती.

"बघ तुझी करामत! बाईच्या हातात हातोडा दिला की हेच व्हायचं."

रुदैना तशीच वर गेली आणि बांधाशी उकिडवी बसली. पाणी रेघेला टेकलेलं होतं. केसभरही उतरलं नव्हतं.

तिला हायसं वाटलं, पण पळभरच. जमिनीचा दोष नव्हताच. फोडण्याआधी असंच पाणी भरून पाहिलं असतं, तर जुनी फरशी शाबूत राहिली असती.

ती परत खाली गेली. "मावशी, गळती कधी वाढते?"

"नळाला पाणी येऊन गेलं की. कालच आलं होतं ना!"

"आणि तुमची टाकी लवकर संपते?"

"संपणारच. वरची चोरते!"

रुदैना गच्चीवर गेली आणि तैसीरच्या आईच्या टाकीची तोटी बंद करून आली. दुपारपर्यंत ठिबक मंदावली, संध्याकाळी थांबली. मग तिने छताजवळचा भिंतीचा कोपरा फोडला. टाकीतून उतरणारा नळ आत गंजून चाळण झाला होता. तैसीरच्या आईने चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

वर येऊन रुदैनाने हैसमच्या आईला सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. आधी तपासायला हवं होतं. फरशी मी बसवून देते, मजुरीचं नाव काढू नका."

हैसमच्या आईने उखडलेल्या जमिनीकडे पाहिलं. "तुझ्यावर चिडायला हवं," ती म्हणाली. "पण सहा वर्षं जिन्यात मान खाली घालून चालले मी. आता कुणापुढे घालायची गरज नाही."

गुरुवारी रुदैना फरशी बसवत असताना दारात चपला वाजल्या. तैसीरची आई उभी होती. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने मान लांब करून आत पाहिलं.

"पांढरी घेतलीस? मळेल."

"मग धुवायला ये," हैसमची आई म्हणाली. "आणि दारात उभी राहून अक्कल शिकवू नकोस, आत ये. चहा ठेवलाय."

तैसीरची आई आत आली. दोघींचं भांडण चहाबरोबर पुन्हा सुरू झालं, या खेपेला फरशीच्या रंगावरून. रुदैनाने थापी उचलली आणि पुढची फरशी बसवायला घेतली.