स्टँडवरची सायकल

डॉक्टरांनी यांना एखादा छंद लावून घ्यायला सांगितलं आणि आमच्या मागच्या खोलीचं भंगाराचं दुकान झालं. सांगणाऱ्याचं काय जातं? हातांचा कंप बरा व्हायचा नाही, गोळ्यांनी फार तर वाढायचा थांबेल, असं सांगून झाल्यावर त्या माणसाला काहीतरी बरं बोलायचं होतं, म्हणून छंद. मला वाटलं, हे चार कुंड्या लावतील, नाहीतर रेडिओ ऐकत बसतील. हे म्हणाले, "सायकलला इंजिन बसवतो."

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. स्वस्तातलं काम आहे, बसल्या बसल्या होतं."

सायकल आमच्या मुलीची, ती शाळेत असतानाची, लेडीज, पुढे जाळीची टोपली. इंजिन भंगारवाल्याकडून आणलेलं, गवत कापायच्या यंत्राचं, छोट्या भोपळ्याएवढं. ते मागच्या चाकावर बसवायचं, त्याचा रूळ टायरला टेकवला की चाक फिरणार, अशी एकंदर योजना. मला त्यातलं एवढंच कळलं की हे जर खरंच चाललं, तर यांचं हाड मोडणार. ज्या माणसाला चहा अर्धा कप भरून द्यावा लागतो, तो ब्रेक काय दाबणार?

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "करू दे ना आई. मन रमतंय त्यांचं."

"तिकडे बसून तुला बरं सुचतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्यावर राग काढून काय उपयोग होता म्हणा.

यांनी उभा जन्म शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात घालवला. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण लोक लांबून मशीन उचलून आणायचे. हे चष्मा न लावता सुईत दोरा ओवायचे, तोही गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. कुणी मदतीला पुढे झालं की म्हणायचे, "राहू द्या, आपला हात जगन्नाथ." मग हात कापायला लागले. एकदा एका शिंपिणीच्या मशीनचा बारका स्क्रू यांच्या हातून तीनतीनदा खाली पडला. शेवटी ती बाई स्वतः जमिनीवर बसली, स्क्रू शोधला आणि म्हणाली, "असू दे काका, मीच पिळते." त्या दिवशी हे लवकर घरी आले, दुकानाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि जगन्नाथाचं नाव पुन्हा काही निघालं नाही.

तर आता सायकल. पहिल्याच दिवशी मला ताकीद मिळाली. "कशालाही हात लावायचा नाही. पेट्रोल तेवढं तू ओतायचं. ते माझ्या हातून सांडेल, आणि घर पेटायला नको."

मी दारात बसून भाजी निवडायची आणि हे आत इंजिन धरायच्या लोखंडी पट्टीवर बोल्ट लावून नट चढवायला बघायचे. नट बोल्टाच्या तोंडाशी यायचा, इकडे आपटायचा, तिकडे आपटायचा आणि टिणटिण करत पलंगाखाली जायचा. हे गुडघे टेकून तो काढायचे. पुन्हा तेच. मी भाजीकडे बघत राहायचे. कधी कधी एकच शेंग, सोलायची विसरून, हातात धरून बसायचे. आपलं माणूस समोर झगडतंय आणि आपण हातावर हात धरून बसायचं, याच्याइतकी वाईट शिक्षा नाही. बरं, नट चढवणं काय मोठं? मला आलं असतं.

आणि मी ते केलंही. हे अंघोळीला गेले तेव्हा पटकन आत जाऊन नट फिरवला, पान्याने आवळला आणि शहाण्यासारखी जागेवर येऊन बसले. हे आले, बोट लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी पाना घेतला, नट सोडवला, बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुपार गेली, उन्हं भिंतीवरून उतरली, तेव्हा कुठे तो चढला. मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून रडून घेतलं.

अशी एकेक करत सगळी जोडणी झाली. शेवटी एक दिवस यांनी सायकल मागच्या बोळात काढली. पेट्रोल ओतायची पाळी माझी. बाटलीत भरपूर होतं, पण मी टाकीचा तळ ओला होईल एवढंच ओतलं. म्हटलं, गेले तरी कोपऱ्यापर्यंतच जातील, पडले तरी घराजवळ पडतील. मग मी सरळ पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिले.

"आधी माझ्या अंगावरून न्या."

"बाजूला हो," हे म्हणाले. "स्टँडवर आहे ती."

खरंच स्टँडवर होती. रूळही टायरपासून उचलून ठेवलेला. यांनी इंजिनाची दोरी ओढली. दोनदा नुसता खोकला आला, तिसऱ्यांदा ते फटफट करत सुरू झालं. सगळी सायकल अंगात आल्यासारखी हलायला लागली. टोपली खडखडत होती, घंटी कुणी न वाजवता किणकिणत होती. यांनी पुढे होऊन हँडल धरलं. मला काही सुचलं नाही, हे कसंही करून निघतील म्हणून मीही समोरून तेच हँडल घट्ट धरलं. माझ्या बांगड्या वाजायला लागल्या.

"बघ," हे मोठ्याने म्हणाले.

"काय बघू?"

"हात बघ. चारही."

मी खाली बघितलं. चारही हात कोपरापर्यंत थरथरत होते.

"ओळख बरं," हे म्हणाले, "यातले आजारी कुठले?"

मला ओळखता येईना. खरंच येईना. हे हसत होते, दुकानात हसायचे तसे, मान मागे टाकून. मी केव्हापासून ते हसणं बघितलं नव्हतं.

"मी कुठे जाणार होतो, वेडे," हे म्हणाले. "मला फक्त असं उभं राहायचं होतं."

तेवढ्यात इंजिन अडखळलं. एकदा फट, पुन्हा एकदा, आणि बंद. पेट्रोल संपलं. मीच तर मोजून मापून ओतलं होतं. टोपली शांत झाली, घंटी शांत झाली, माझ्या बांगड्या मनगटावर येऊन थांबल्या. माझे हात थांबले. यांचे थांबले नाहीत.

आम्ही दोघांनीही ते बघितलं. यांचं हसू ओठांवरच होतं, पण आता त्याला तिथे काही काम नव्हतं. मी माझे हात यांच्या हातांवर ठेवले, दाबून धरले. खालून ते हलतच राहिले.

"बाटलीत अजून आहे," मी म्हटलं. "आणते मी."