नोरीन म्हणाली, राइट आहे

आमच्याकडे कोणाला बरं आहे ना, काही हवं-नको का, असं विचारायचं असलं, की एवढंच म्हणतात, ‘राइट आहेस ना?’ समोरचा म्हणतो, ‘राइट आहे.’ मग दोघं आपापल्या कामाला लागतात.

त्या सकाळी माझी बायको नोरीन मागच्या पायरीवर मटार सोलत बसली होती. मधूनच डावा दंड चोळत होती. शेवटच्या शेतातली बार्ली कापायची राहिली होती आणि दुपारनंतर वारा सुटणार, असं रेडिओवर सांगितलं होतं. बूट चढवता चढवता मी विचारलं, ‘राइट आहेस ना?’

‘राइट आहे. जा तू. बार्ली आडवी झाली की आठवडाभर मलाच ऐकवत बसशील.’

मी गेलो. जेवायला परतलो तेव्हा मटार पायरीवर सांडले होते. ती भिंतीला टेकून होती. गेली होती.

डॉक्टरीणबाई या देशात नव्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘सकाळी काही दुखतंय म्हणाल्या होत्या का?’

‘नाही. राइट म्हणाली.’

‘उजवा हात?’

‘नाही, हात डावा चोळत होती. राइट म्हणाली.’

त्यांचं पेन थांबलं. मला पुढे समजावून सांगता आलं नाही.

नोरीन रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायची. त्यासाठी तिच्याकडे समानार्थी शब्दांचा एक जाडा कोश होता, पाठीला चिकटपट्टी लावलेला. ती गेल्यावर मी तो काढला. राइटला दोन रकाने दिलेत. बरोबर, योग्य, न्याय्य, उजवा, हक्क, सरळ, ताबडतोब. मी बोट ठेवून सगळे वाचले. ती जे म्हणाली ते त्यात नव्हतं. इतर पानांवर तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. या पानावर एकही नाही.

मार्चमध्ये तिची धाकटी बहीण कोरल चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी नोरीनची पुस्तकं न्यायला आली. कोश टेबलावर उघडाच होता.

‘हा नको नेऊस,’ मी म्हणालो. ‘कोरल, तुला काय वाटतं? त्या दिवशी ती कोणत्या अर्थानं राइट म्हणाली असेल?’

‘ते पुस्तकात शोधतोयस होय, येड्या? शाळेत तरी कधी पुस्तक उघडलं होतंस?’ तिनं माझ्यासाठी आणलेलं रश्शाचं भांडं ओट्यावर ठेवलं. ‘आमची आई पाय मोडून शेडमध्ये पडली होती ना, तेव्हाही राइटच म्हणत होती.’

‘मग माणसानं ओळखायचं कसं?’

‘दुसऱ्यांदा विचारायचं.’

बोलली आणि तिचा चेहरा उतरला. ‘तुला नाही रे म्हणत मी, डेस.’

‘माहितीये.’

मी एकदाच विचारलं होतं. तेही बुटाकडे बघत.

पुस्तकांची खोकी मी कोरलच्या गाडीत ठेवली. ती आत बसली, काच खाली केली.

‘रस्सा आजच संपव. आणि भांडं नीट घासून दे, मागच्यासारखं करपलेलं नको.’

‘बरं.’

‘राइट आहेस ना?’

‘राइट आहे.’ तोंडातून आपोआप निघालं.

मी फाटकाला हात लावून तिथेच उभा राहिलो. ती पुन्हा विचारेल असं वाटलं. तिनं हात हलवला. गाडी धान्याच्या कोठारांपाशी वळली, तरी मी उभाच होतो.